गेमिंग पीसीचा प्रोसेसर बदलायचा का? खिशात हात घालण्याआधी करायची मोजणी

प्रोसेसर बदलला, पैसे गेले आणि गेम होता तसाच चालतो, ही तक्रार मी फार वेळा ऐकली आहे. चूक बहुतेक वेळा एकाच जागी होते. माणूस आधी दुकानात जातो आणि मोजणी नंतर करतो, किंवा करतच नाही. टास्क मॅनेजरमधला एक आकडा बघायचा, नाहीतर ‘बॉटलनेक कॅल्क्युलेटर’ नावाच्या संकेतस्थळावर प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाचं नाव टाकून टक्केवारी काढायची, आणि ठरवून मोकळं व्हायचं. तुमची रॅम कोणत्या वेगाने चालते, हीटसिंकमध्ये (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या पात्यांत) किती धूळ बसली आहे, गेमच्या कोणत्या भागात तुमचं मशीन अडखळतं, हे त्या कॅल्क्युलेटरला कुठून कळणार?

उदाहरणाला माझ्या भाच्याचं मशीन घेतो, कारण असे पीसी आजही घरोघरी आहेत: रायझन ५ ३६००, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम, नंतर हौसेने टाकलेलं आरटीएक्स ४०६० आणि १४४ हर्ट्झचा १०८०पी मॉनिटर. त्याचा प्रश्न होता, “मामा, गेममध्ये प्रोसेसर पन्नास टक्क्यांच्या वर जातच नाही. मग तो कमी पडतोय असं सगळे का म्हणतात?” प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर तिसऱ्या टप्प्यात मिळेल.

खालचे टप्पे याच क्रमाने करा. मागेपुढे केले की मोजणी चुकते आणि निर्णयही चुकतो. इंटेलचा प्रोसेसर असेल तरी क्रम हाच, फक्त पाचव्या टप्प्यात सॉकेटचे (बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेचे) नियम वेगळे आहेत.

## तयारी: एक मोकळी संध्याकाळ आणि एक वही

सीपीयू-झेड, एचडब्ल्यू-इन्फो आणि एमएसआय आफ्टरबर्नर ही तीन सॉफ्टवेअर उतरवून घ्या. तिन्ही मोफत आहेत. आफ्टरबर्नरसोबत रिव्हाट्यूनर येतं, त्यामुळे गेम चालू असताना स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडे दिसतात. कोपऱ्यात एवढ्या गोष्टी लावा: एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, दिसतात), एक टक्का लो (सर्वात वाईट एक टक्का फ्रेमचा वेग), फ्रेमटाइम (एका फ्रेमला लागणारा वेळ), ग्राफिक्स कार्डाचा वापर, कार्डाची मेमरी, प्रोसेसरचं तापमान आणि प्रोसेसरचा क्लॉक, म्हणजे तो चालतो तो वेग.

वहीच्या पहिल्या पानावर मशीनची माहिती लिहा. प्रोसेसरचं पूर्ण नाव, मदरबोर्डचं पूर्ण नाव, बोर्डावर छापलेला रिव्हिजन क्रमांक, बायोसची (बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरची) आवृत्ती, रॅमच्या किती स्टिक कोणत्या स्लॉटमध्ये आहेत, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) किती वॉटचा आहे आणि मॉनिटर किती हर्ट्झचा. बोर्डापुढे नुसतं ‘बी४५०’ लिहून चालत नाही. एकाच कंपनीचे बी४५० चे पाचसहा बोर्ड असतात, आणि प्रत्येकाची बायोस फाइल वेगळी असते.

## टप्पा १: तक्रार एका वाक्यात लिहा

‘पीसी स्लो झालाय’ ही तक्रार नाही. कोणत्या गेममध्ये, कुठे गेल्यावर, काय होतं, ते लिहा. चार वेगवेगळ्या दुखण्यांना लोक ‘लॅग’ हे एकच नाव देतात, आणि चारींवरचा उपाय वेगळा आहे.

ऑनलाइन सामन्यात समोरचा खेळाडू उड्या मारत सरकतो पण तुमचा एफपीएस स्थिर आहे, तर दुखणं इंटरनेटचं आहे. नवीन नकाशा उघडायला दोन मिनिटं लागतात, तर आधी गेम हार्ड डिस्कवरून एसएसडीवर हलवा. एखाद्या जागी पहिल्यांदा गेल्यावरच झटका बसतो आणि दुसऱ्यांदा त्याच जागी काही होत नाही, तर तो बहुधा शेडर (कार्डाला चित्र रंगवायला लागणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होतानाचा झटका आहे. प्रोसेसर वेगवान असेल तर तो लहान होतो, पण जात नाही.

चौथं दुखणं म्हणजे गर्दीच्या जागी एफपीएस कोसळणं. बाहेर माळरानावर गेम छान चालतो, शहरात शिरलं की घसरतो. प्रोसेसरवर खरा संशय घ्यावा तो इथे. ‘बॉल्डर्स गेट ३’ च्या तिसऱ्या अंकातलं शहर याचं ठळक उदाहरण आहे. चांगली ग्राफिक्स कार्डंही तिथे हात टेकतात, कारण काम कार्डाचं नसून शेकडो पात्रांचा हिशेब ठेवणाऱ्या प्रोसेसरचं असतं.

तपासा: पहिल्या तीनपैकी एखादी तक्रार असेल तर इथेच थांबा. तिचा उपाय नवीन प्रोसेसर नाही.

## टप्पा २: फुकटातल्या दुरुस्त्या आधी

हा टप्पा सर्वात जास्त वगळला जातो. मी मात्र सर्वात जास्त वेळ इथेच घालवतो.

रॅम. भाच्याच्या मशीनचं झाकण उघडलं तर आत १६ जीबीची एकच स्टिक. दुकानदाराने सांगितलं होतं, “पुढे दुसरी टाकता येईल.” पुढे कोणी टाकली नाही. एका स्टिकवर प्रोसेसरला रॅमकडे जायचा रस्ता निम्माच मिळतो, आणि गर्दीच्या दृश्यांत त्याचा फटका थेट बसतो. दोन सारख्या स्टिक हव्यात. चार स्लॉटच्या बोर्डात त्या सहसा प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवतात. शेजारीशेजारी बसवल्या तर बऱ्याच बोर्डांवर दोन्ही एकाच चॅनेलवर, म्हणजे एकाच रस्त्यावर जातात.

पुढचा प्रश्न वेगाचा. पाकिटावर ३२०० लिहिलेलं असतं, पण बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम पाकिटावरच्या वेगाने चालवायचा पर्याय) चालू केल्याशिवाय रॅम २१३३, २४०० किंवा २६६६ वरच चालते. काही बोर्डांवर याच पर्यायाला डीओसीपी किंवा ए-एक्सएमपी म्हणतात, डीडीआर५ च्या एएमडी बोर्डांवर एक्सपो. रायझनमध्ये प्रोसेसरच्या आतल्या भागांना जोडणारा दुवाही रॅमच्या घड्याळाशी बांधलेला असतो, त्यामुळे रॅम हळू चालली की सगळंच मंदावतं.

सीपीयू-झेडच्या मेमरी पानावर खात्री करा. तिथे निम्मा आकडा दिसतो: ३२०० ची रॅम नीट चालत असेल तर साधारण १६००. तिथे १०६६ दिसलं तर एक्सएमपी बंद आहे, म्हणजे तुम्ही पैसे मोजून घेतलेला वेग वापरातच नाही.

तापमान. रायझन ५ ३६०० ची कमाल मर्यादा ९५ अंश सेल्सियस. मर्यादेजवळ गेला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला क्लॉक खाली आणतो, आणि आपल्याला वाटतं तो म्हातारा झाला. पाच वर्षं न उघडलेला कूलर, वाळून खडू झालेली थर्मल पेस्ट, आणि त्यावर नागपूर-जळगावकडचा मे महिना. अशा स्थितीत मोजलेला आकडा प्रोसेसरचा नसतो, धुळीचा असतो. कूलर काढून धूळ साफ करा आणि नवीन पेस्ट लावा. फक्त काढताना सातव्या टप्प्यातली काळजी आधी वाचून घ्या.

बायोस. विंडोज ११ वर चालणाऱ्या काही रायझन मशीनमध्ये एफटीपीएममुळे (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या प्रोसेसरमधल्या सोयीमुळे) अधूनमधून एखाद-दोन सेकंद सगळं अडखळायचं, आवाजसुद्धा तुटायचा. एएमडीने २०२२ मध्ये ते मान्य करून बायोसमधून दुरुस्ती दिली. तुमचा बायोस त्याआधीचा असेल तर नवीन टाका.

बाकीच्या गोष्टी पटकन बघून घ्या. मॉनिटरची केबल मदरबोर्डाला न लावता ग्राफिक्स कार्डाला लावली आहे ना? विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १४४ हर्ट्झ निवडलं आहे ना? नवीन मॉनिटर घेऊन वर्षभर ६० वर खेळणारे मी पाहिले आहेत. मागे ब्राउझरचे तीस टॅब आणि दोन-तीन गेम लाँचर उघडे नाहीत ना?

सावधान: एक्सएमपी चालू केल्यावर मशीन सुरूच झालं नाही तर घाबरू नका. बोर्ड सहसा दोन-तीन वेळा प्रयत्न करून जुन्या वेगावर परत येतो. नाही आला तर बोर्डाच्या पुस्तिकेत दाखवल्याप्रमाणे सीमॉस क्लिअर करा, म्हणजे बायोसच्या सेटिंग मूळपदावर आणा.

## टप्पा ३: मोजणी

एक जागा निवडा. गेममधली तीच सेव्ह, तीच गल्ली, तेवढेच साठ सेकंद, तीच चाल. जागा गर्दीची हवी. रिकाम्या खोलीत भिंतीकडे बघून मोजलेला एफपीएस कशाच्याच कामाचा नाही. व्हर्टिकल सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाशी जुळवणारी सेटिंग) बंद करा, गेममधली आणि ड्रायव्हरमधली एफपीएसची मर्यादा काढा, फ्रेम जनरेशन (मधल्या जादा फ्रेम कार्डानेच रचायची सोय) बंद करा. फ्रेम जनरेशनच्या फ्रेम प्रोसेसरने बनवलेल्या नसतात. त्या मोजल्या तर प्रोसेसरची खरी झेप झाकली जाते.

फेरी पहिली: नेहमीच्या सेटिंगवर. कार्डाचा वापर बघा. तो सतत ९५ ते ९९ टक्के असेल तर कार्ड पूर्ण राबतं आहे आणि प्रोसेसर त्याला पुरेसं काम देतो आहे. मर्यादा काढलेली असूनही वापर ६०-७० वर रेंगाळत असेल तर कार्ड कुणाची तरी वाट बघत बसलं आहे.

फेरी दुसरी: फक्त रिझोल्यूशन उतरवा. १०८०पी वरून ७२०पी करा, किंवा रेंडर स्केल (गेम आतून ज्या रिझोल्यूशनवर चित्र काढतो त्याचं प्रमाण) ५० टक्क्यांवर आणा. बाकी एकाही सेटिंगला हात लावू नका. लोक इथेच चुकतात. ते ‘लो’ प्रीसेट निवडतात. त्याने गर्दी, दूरवरच्या वस्तू, सावल्या, रे ट्रेसिंग असं प्रोसेसरचं कामही कमी होतं, आणि मग कोणाचा भार हलका झाला तेच कळत नाही. रिझोल्यूशन मात्र जवळजवळ फक्त कार्डाचा भार बदलतं.

आता दोन्ही फेऱ्यांचे आकडे शेजारी लिहा. समजा, पहिल्या फेरीत ८५ आणि दुसऱ्या फेरीत १३० एफपीएस आले. म्हणजे अडवणारं कार्ड होतं, प्रोसेसर १३० पर्यंत जाऊ शकतो. समजा, पहिल्या फेरीत ८५ आणि दुसऱ्या फेरीत ८८. कार्डाचं काम निम्म्याहून कमी केलं तरी वेग हलला नाही, म्हणजे अडवणारा प्रोसेसर आहे किंवा त्याच्या हाताखालची रॅम. दुसऱ्या फेरीचा आकडा वहीत ठळक लिहा. त्या जागी, त्या सेटिंगवर, तुमच्या प्रोसेसरचं ते छत आहे. कितीही महागडं ग्राफिक्स कार्ड आणलंत तरी ते छत उचललं जाणार नाही.

आता भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर. रायझन ५ ३६०० मध्ये ६ कोर (काम करणारे भाग) आणि १२ थ्रेड (एका वेळी चालू शकणाऱ्या कामांच्या रांगा) आहेत. टास्क मॅनेजर त्या बाराची सरासरी दाखवतो. गेमचा मुख्य धागा, ज्याच्याशिवाय पुढची फ्रेम सुरूच होत नाही, तो एका वेळी एकाच थ्रेडवर चालतो. तो पूर्ण भरला आणि बाकी अकरा मोकळे बसले, तर सरासरी येते साधारण ८ टक्के. बाकीच्यांनी थोडंथोडं काम केलं की आकडा ४०-५० वर जातो. शिवाय विंडोज तो धागा एका कोरवरून दुसऱ्यावर फिरवत राहतं, म्हणून एकेका कोरचा आलेख बघितला तरी कुठेच सरळ शंभर दिसत नाही. लग्नाच्या पंगतीत वाढणारे बारा जण आहेत, पण भात एकाच पातेल्यात शिजतो आहे. तो उतरेपर्यंत अकरा जण रिकामे ताट धरून उभे. म्हणून प्रोसेसरची टक्केवारी सोडा, कार्डाची टक्केवारी आणि दुसरी फेरी धरा.

अजून बारकाईने बघायचं असेल तर इंटेलचं प्रेझेंटमॉन वापरा, ते एएमडीच्या मशीनवरही चालतं. त्यात ‘जीपीयू बिझी’ नावाचा आकडा मिळतो. १०० एफपीएस म्हणजे प्रत्येक फ्रेमला १० मिलिसेकंद. त्यातले ६ मिलिसेकंदच कार्ड कामात असेल, तर उरलेले ४ ते रिकामं आहे.

सावधान: कार्डाची मेमरी भरली तरी कार्डाचा वापर घसरतो आणि झटके बसतात. दिसायला ते प्रोसेसरच्या दुखण्यासारखंच दिसतं. ८ जीबीच्या कार्डावर मेमरीचा आकडा काठोकाठ भरलेला दिसला तर टेक्श्चर एक पायरी उतरवून फेरी पुन्हा घ्या. झटके गेले तर प्रोसेसर निर्दोष आहे. आरटीएक्स ४०६० पीसीआयईच्या (कार्डाला बोर्डाशी जोडणाऱ्या दुव्याच्या) आठच लेन वापरतं आणि बी४५० बोर्डावर त्या तिसऱ्या पिढीच्या असतात, त्यामुळे मेमरी ओसंडली की फटका आणखी जाणवतो.

तपासा: प्रत्येक फेरी तीनदा घ्या आणि मधला आकडा धरा. तिन्ही आकडे एकमेकांपासून फार लांब असतील तर जागा किंवा चाल बदलते आहे, नीट ठरवून पुन्हा मोजा.

## टप्पा ४: छत तुमच्या गरजेच्या वर आहे की खाली?

प्रोसेसर अडवतो आहे एवढं कळलं म्हणून तो बदललाच पाहिजे असं नाही. काही ना काही नेहमीच अडवणार. प्रश्न एवढाच, की ते छत तुम्हाला हव्या असलेल्या वेगाच्या खाली आहे का.

मॉनिटर ७५ हर्ट्झचा आणि छत ९० चं असेल तर बदल दिसणारच नाही. मॉनिटर १४४ चा, तुम्ही एकट्याने कथेचे गेम खेळता आणि ८५ वर समाधानी आहात, तरीही घाई नाही. पण सीएस२ किंवा व्हॅलोरंट स्पर्धेसाठी खेळता, सेटिंग आधीच खाली आहे, मॉनिटर १४४ चा आणि गोळीबाराच्या क्षणी आकडा शंभराखाली येतो, तर तुमची गरज खरी आहे.

सरासरीपेक्षा एक टक्का लोकडे जास्त लक्ष द्या. सर्वात वाईट एक टक्का फ्रेमचा तो वेग आहे. सरासरी ९५ आणि एक टक्का लो ४०, तर हाताला ४० जाणवतात.

पैसे न घालता अजून एक उपाय करून बघा. गर्दीची घनता आणि दूरवरच्या वस्तूंचं अंतर एकेक पायरी उतरवा, आणि एफपीएसला छताच्या जरा खाली मर्यादा लावा. १४४ च्या मॉनिटरवर ७२ ची मर्यादा बरोबर निम्म्यावर बसते. ६० आणि ११० च्या मध्ये हेलकावे खाण्यापेक्षा स्थिर ७२ डोळ्यांना कितीतरी बरे वाटतात. आठवडाभर असं खेळून बघा. त्यानंतरही टोचत असेल तर पुढच्या टप्प्यावर या.

सावधान: पुढे १४४०पी किंवा ४के मॉनिटर घ्यायचा विचार असेल तर तीच मोजणी त्या रिझोल्यूशनच्या अंगाने करा. तिथे भार कार्डाकडे सरकतो आणि प्रोसेसरची निकड कमी होते. उलट डीएलएसएस किंवा एफएसआर लावलं की गेम आतून कमी रिझोल्यूशनवर चालतो आणि प्रोसेसरचं छत पुन्हा डोक्याला लागतं.

## टप्पा ५: तुमच्या बोर्डात काय बसतं?

बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या मॉडेलच्या पानावर चालणाऱ्या प्रोसेसरची यादी असते. प्रत्येक नावासमोर कमीत कमी कोणता बायोस लागतो तेही लिहिलेलं असतं. दुकानदाराच्या ‘बसेल हो’वर जाऊ नका, यादीत नाव शोधा.

एएम४ सॉकेटवाल्यांचं, म्हणजे भाच्यासारख्या रायझनवाल्यांचं, नशीब चांगलं आहे. २०१७ च्या पहिल्या रायझनपासून ५००० मालिकेपर्यंत तोच सॉकेट राहिला. बी४५० आणि एक्स४७० बोर्डांना ५००० मालिकेसाठी बायोस २०२१ पासून मिळाले, आणि ए३२०, बी३५०, एक्स३७० यांच्यासाठीही एएमडीने २०२२ मध्ये दार उघडलं. ३६०० च्या मालकापुढे सरळ दोन वाटा आहेत.

पहिली वाट रायझन ५ ५६००. कोर तेवढेच सहा, पण ३६०० मध्ये ते तीन-तीनच्या दोन गटांत विभागलेले असतात आणि प्रत्येक गटाला १६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) मिळते. ५६०० मध्ये सहाही कोर सगळी ३२ एमबी कॅश एकत्र वापरतात. गेमच्या मुख्य धाग्याला याचाच फायदा होतो. त्या पिढीत एका क्लॉकमागे सरासरी १९ टक्के जास्त काम होतं, असा एएमडीचा दावा होता.

दुसरी वाट ५८००एक्स३डी किंवा ५७००एक्स३डी: आठ कोर आणि ९६ एमबी एल३ कॅश. एप्रिल २०२२ मध्ये आलेला ५८००एक्स३डी आणि जानेवारी २०२४ मधला ५७००एक्स३डी हे एएम४ वर गेमसाठी घेता येतील असे शेवटचे मोठे प्रोसेसर. नवे मिळणं आता कठीण झालं आहे, जुन्या बाजारात शोधावे लागतात.

नावातल्या एका अक्षराकडे आणि एका आकड्याकडे नीट बघा. ५५०० आणि ५६००जी हे ५६०० चे भाऊ वाटतात, पण त्यांची एल३ कॅश १६ एमबीच आहे आणि पीसीआयईही तिसऱ्या पिढीचं. ३६०० वरून ५५०० वर जाणं म्हणजे पैसे घालून जवळजवळ जागेवरच उभं राहणं. इंटेलमध्ये नावाच्या शेवटी ‘एफ’ असेल तर आत स्वतःचं ग्राफिक्स नसतं, ग्राफिक्स कार्ड बिघडलं तर स्क्रीन काळी.

इंटेलवाल्यांसाठी थोडक्यात: आठव्या-नवव्या पिढीचे प्रोसेसर सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डांवर चालत नाहीत, सॉकेटचं नाव तेच ११५१ असलं तरी. १७०० सॉकेटवर बारावी, तेरावी, चौदावी पिढी चालते, पण बोर्ड डीडीआर४ चा की डीडीआर५ चा ते आधी बघा. जुना १३व्या-१४व्या पिढीचा आय७ किंवा आय९ घेत असाल तर जास्त सावध राहा. जादा व्होल्टेजमुळे त्यातले काही प्रोसेसर कायमचे झिजले. इंटेलने २०२४ मध्ये मायक्रोकोडची दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, पण झालेली झीज दुरुस्तीने भरून येत नाही.

तपासा: बोर्ड स्वस्तातला आणि प्रोसेसरच्या भोवतीच्या वीजपुरवठ्याच्या भागावर हीटसिंकसुद्धा नसेल, तर यादीत नाव असूनही १२ किंवा १६ कोरचा प्रोसेसर त्यावर चढवू नका.

## टप्पा ६: पूर्ण खर्च मांडा

प्रोसेसरची किंमत हा खर्चाचा एक भाग आहे. ५६०० च्या खोक्यात पंखा येतो, ५७००एक्स३डी आणि ५८००एक्स३डी सोबत येत नाही. ३६०० सोबतचा छोटा पंखा १०५ वॉटच्या एक्स३डीला पुरत नाही, एका टॉवरचा १२० मिलिमीटर पंख्याचा कूलर धरा.

एएम५ वर (एएमडीच्या त्यापुढच्या सॉकेटवर) जायचं तर बोर्ड नवा, रॅम डीडीआर५, आणि बोर्ड बदलला की विंडोजच्या परवान्याचाही प्रश्न येतो. परवाना मायक्रोसॉफ्ट खात्याला आधीच जोडून ठेवा. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव जोरात चढले आहेत. त्यामुळे हातातली डीडीआर४ रॅम वापरत एएम४ वरच एक पायरी चढणं माझ्या मते आज बहुतेकांसाठी शहाणपणाचं आहे. एएम५ चा विचार त्याने करावा, ज्याचं एएम४ वरचं शिखर आधीच गाठून झालं आहे, किंवा ज्याचा जुना बोर्ड तसाही मान टाकतो आहे.

वहीत तीन रकाने पाडा: फक्त प्रोसेसर, पूर्ण नवा संच, आणि तेवढ्याच पैशांत ग्राफिक्स कार्ड. प्रत्येकाखाली जुन्या सुट्या भागांचे मिळतील ते पैसे वजा करा. मग तुम्ही खेळता त्या गेमच्या चाचण्या शोधा, ज्यांत तुमचा आताचा आणि नवा प्रोसेसर दोन्ही आहेत. त्या चाचण्या बलाढ्य कार्डावर, कमी रिझोल्यूशनवर केलेल्या असतात, म्हणून त्यातला फायदा सरळ तुमचा धरू नका. नव्या प्रोसेसरचं छत उंच गेलं तरी पहिल्या फेरीत तुमचं कार्ड जिथे थांबेल, तिथेच तुम्हीही थांबणार. एक टक्का लोमध्ये निदान वीस-पंचवीस टक्क्यांची वाढ दिसत नसेल तर मी पैसे घालत नाही.

लॅमिंग्टन रोडला घ्या किंवा ऑनलाइन, जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि खोक्यातला माल आहे की ट्रेमधला ते बिलावर लिहून घ्या. सुट्या ट्रेमधल्या प्रोसेसरला कंपनीची थेट वॉरंटी सहसा नसते, दुकानदार देईल तेवढीच. जुना एएम४ प्रोसेसर घेताना खालच्या पिनांचा तिरप्या उजेडात काढलेला फोटो मागा. वाकलेली पिन समोरून दिसत नाही, तिरप्या उजेडात रांगेतून बाहेर आलेली लगेच दिसते.

## टप्पा ७: बदलायचा क्रम

१. बिटलॉकरची (ड्राइव्ह कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची) किल्ली. एफटीपीएममधल्या गुप्त किल्ल्या प्रोसेसरबरोबर जातात. ड्राइव्ह एन्क्रिप्ट केलेला असेल तर नवा प्रोसेसर बसल्यावर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागेल. बऱ्याच लोकांना आपला ड्राइव्ह एन्क्रिप्टेड आहे हेच माहीत नसतं. की मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर उतरवा आणि संरक्षण तात्पुरतं थांबवा.

२. बायोस, जुना प्रोसेसर आत असतानाच. फॅट३२ केलेल्या पेन ड्राइव्हवर नेमक्या तुमच्या रिव्हिजनची फाइल घ्या. लाईट जायची शक्यता असलेल्या वेळी, म्हणजे वळवाच्या दुपारी किंवा भारनियमनाच्या तासात, हे काम करू नका. मशीन यूपीएसवर घ्या. मध्येच वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो.

३. कूलर काढणं. एएम४ वर सर्वात जास्त नुकसान इथे होतं. आधी दहा-पंधरा मिनिटं गेम चालवून पेस्ट कोमट करा, मग मशीन बंद करा आणि वायर काढा. स्क्रू सोडवल्यावर कूलर सरळ वर ओढू नका. जात्याची खुंटी धरून फिरवावी तसा डावीकडे-उजवीकडे हळूहळू फिरवत राहा. पेस्ट सुटल्याचं हाताला कळतं, चिकट ओढ एकदम सैल पडते. तेव्हाच उचला. सरळ ओढला तर सॉकेटची दांडी बंद असतानाही प्रोसेसर कूलरला चिकटून उपटून येतो आणि पिना वाकतात.

४. नवा बसवणं. दांडी वर, कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा. प्रोसेसर आपल्या वजनाने खाली बसला पाहिजे, बोटाने दाब द्यावा लागतो आहे म्हणजे काहीतरी चुकतं आहे. मधोमध वाटाण्याएवढी पेस्ट, कूलरचे स्क्रू आलटून-पालटून तिरके आवळा, पंख्याची वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या पिनांवर.

५. पहिली सुरुवात. स्क्रीन थोडा वेळ काळी राहू शकते, रॅमची जुळणी चालू असते. डीडीआर५ च्या बोर्डांवर तर काही मिनिटं लागतात. घाईने बटण दाबू नका. ‘नवीन प्रोसेसर आढळला, एफटीपीएम रीसेट करायचं का’ अशा अर्थाचा संदेश आला आणि रिकव्हरी की हातात असेल तर वाय दाबा. की नसेल तर एन दाबा, मशीन बंद करा आणि आधी की शोधा.

सावधान: बायोस बदलला की एक्सएमपी बंद होतं. ते पुन्हा चालू करा. नवा प्रोसेसर २१३३ च्या रॅमवर चालवून ‘काही फरक पडला नाही’ म्हणणारे याच पायरीवर अडकलेले असतात.

## टप्पा ८: तीच गल्ली, तेच साठ सेकंद

वहीतलं जुनं पान उघडा आणि दोन्ही फेऱ्या जशाच्या तशा पुन्हा घ्या. दुसऱ्या फेरीचा आकडा वर गेला पाहिजे, आणि पहिल्या फेरीत कार्डाचा वापर ९५ च्या आसपास पोचला पाहिजे. अर्धा तास खेळून तापमान बघा. एक्स३डी प्रोसेसरची मर्यादा ९० अंशांची आहे, त्याला चिकटून बसला असेल तर कूलर पुन्हा बसवा.

छत हललं नसेल तर रॅमचा वेग, मग तापमान, मग एफपीएसची विसरलेली मर्यादा, या क्रमाने शोधा. तिन्ही ठीक असूनही आकडा तोच राहिला तर माल परत करायची मुदत संपायच्या आत दुकानात जा.

भाच्याच्या मशीनमध्ये शेवटी ८ जीबीच्या दोन जुळ्या स्टिक बसल्या आणि एक्सएमपी चालू झालं. त्याच्या गर्दीच्या चौकातला झटका त्यानेच सैल पडला. प्रोसेसरचा रकाना त्याने वहीत तसाच ठेवला आहे. ५६०० चा भाव काय चाललाय ते तो दर महिन्याला त्यात लिहितो, आणि जुन्या ३६०० चे किती येतील तेही शेजारी.